‘हॅलोवीन’ (१९७८) : इतक्या वर्षांनीही हा चित्रपट का टिकून आहे?

रात्रपाळी (धागाकर्ता) :

जॉन कार्पेंटर दिग्दर्शित ‘हॅलोवीन’ हा १९७८ सालचा अमेरिकी चित्रपट नुकताच पुन्हा पाहिला आणि त्यानंतर मनात राहिलेले कोडे येथील जाणकारांपुढे मांडतो आहे. कथा म्हणून यात सांगण्यासारखे फारच थोडे आहे. इलिनॉय राज्यातील हॅडनफील्ड या काल्पनिक गावात १९६३ सालच्या हॅलोवीनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरला मुले भुताखेतांची सोंगे घेऊन फिरतात त्या सणाच्या, रात्री सहा वर्षांचा मायकेल मायर्स आपल्या थोरल्या बहिणीला सुऱ्याने भोसकून ठार करतो. पंधरा वर्षे मनोरुग्णालयात काढल्यावर तो तिथून निसटतो, गावी परततो आणि लॉरी व तिच्या शाळेतल्या दोन मैत्रिणींच्या मागावर राहतो. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर लूमिस त्याला शोधत हिंडतात. गोष्ट एवढीच.

निर्मितीचा खर्च ३ लाख डॉलरच्या आसपास होता आणि चित्रीकरण सुमारे २० दिवसांत उरकले होते. तरीही एकट्या अमेरिकेत या चित्रपटाने ४ कोटी ७० लाख डॉलरच्या घरात कमाई केली आणि २००६ साली त्याची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी झाली. यानंतर आलेल्या स्लॅशर, म्हणजे खुनी हत्याराने एकेकाला मारत जातो अशा, चित्रपटांमध्ये रक्त अधिक आहे, मृत्यूंची संख्या अधिक आहे, तांत्रिक सफाई तर कितीतरी अधिक आहे. तरी त्यांतले बहुतेक आज शौकिनांखेरीज कोणी पाहत नाही. घरातल्या तरुण मंडळींना ‘हॅलोवीन’ संथ वाटला, हे मान्य करतो. मला स्वतःला मात्र पाहून झाल्यावर त्यातील खून फारसे आठवेनात. आठवत राहिली ती दुपारची दृश्ये, ज्यांत काहीच घडत नाही. हा केवळ स्मरणरंजनाचा भाग आहे, की या चित्रपटाच्या बांधणीतच असे काही आहे जे नंतरच्यांना साधले नाही?

तिसरी घंटा :

आपल्याला दुपारची दृश्ये लक्षात राहिली, यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे असे मला वाटते. सुरुवातीचा खून झाल्यानंतर पडद्यावर दुसरा माणूस मरताना दिसेपर्यंत पाऊण तासाच्या आसपास वेळ जातो, आणि अवघ्या ९१ मिनिटांच्या चित्रपटात ही चैन करायला दिग्दर्शकाचा स्वतःवर विश्वास असावा लागतो. त्या मधल्या वेळात कार्पेंटर प्रेक्षकाला एक सवय लावतात, ती म्हणजे चौकटीचे रिकामे कोपरे धुंडाळण्याची. लॉरी वर्गात बसलेली असते, बाई नियतीविषयी बोलत असतात, आणि खिडकीबाहेर रस्त्यापलीकडे एका मोटारीजवळ कोणीतरी उभे असते. ती अ‍ॅनी या मैत्रिणीबरोबर घरी निघते, तेव्हा पुढे पदपथालगत वाढलेल्या झुडपांच्या कुंपणाशी तो दिसतो आणि आडोशाला सरकतो. अ‍ॅनी तरातरा पुढे जाऊन मागे डोकावते, तर तिथे कोणीच नसते. लॉरी आपल्या खोलीतून खाली परसात पाहते, तर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये तो उभा, आणि पुढच्या क्षणी फक्त कपडे. हे सगळे लख्ख उजेडात घडते. अशी चार-पाच दृश्ये झाल्यावर प्रेक्षक संवादांकडे कमी आणि पात्रांच्या मागच्या जागेकडे अधिक पाहू लागतो. पुढे अंधार पडल्यावर दिग्दर्शकाला वेगळे काही करावेच लागत नाही.

यासाठी चौकट रुंद असणे आवश्यक होते. छायाचित्रणकार डीन कंडी यांनी पॅनाव्हिजनची अ‍ॅनामॉर्फिक (रुंद चित्र फिल्मवर दाबून बसवणारी) भिंगे वापरली आणि चित्र २.३५ : १ या रुंद प्रमाणात घेतले. हातात पैसा नसताना रुंद पडद्याचा हट्ट धरणे व्यवहाराला सोडून वाटेल, परंतु त्यामागे हिशेब होता : माणूस चौकटीच्या एका कडेला ठेवायचा आणि उरलेली सगळी जागा मोकळी सोडायची, म्हणजे त्या मोकळ्या जागेची धास्ती वाटू लागते. त्यामुळे ‘पैसे नव्हते म्हणून चित्रपट चांगला झाला’ हे नेहमीचे भाबडे विधान मला पटत नाही. पैसे थोडे होते आणि ते नेमके जिथे दिसतील तिथे घातले गेले, असे म्हणणे अधिक रास्त होईल. बाकी सगळीकडे कात्री लावली होती. लॉरीची भूमिका करणाऱ्या जेमी ली कर्टिस यांचे सगळे कपडे साध्या दुकानातून शंभर डॉलरच्या आत खरेदी केलेले होते. कथा ऑक्टोबर अखेरची आणि चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या वसंतात, त्यामुळे वाळकी पाने रंगवून रस्त्यावर पसरायची, दृश्य झाले की गोळा करायची आणि पुढच्या दृश्यासाठी पुन्हा वापरायची, असा उद्योग मंडळी करत असत. नीट पाहिले तर इलिनॉयच्या या गावात ताडामाडाची झाडेही दिसतात, पण त्याकडे काणाडोळा करण्याइतके औदार्य प्रेक्षकाने दाखवायला हरकत नाही.

मायकेल घालतो त्या मुखवट्याची हकिगत बहुतेकांना ठाऊक असेल. ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेतील कॅप्टन कर्कचा, म्हणजे अभिनेते विल्यम शॅटनर यांच्या चेहऱ्याचा, दोन डॉलरच्या आतला रबरी मुखवटा आणला गेला. कलाविभाग आणि संकलन सांभाळणाऱ्या टॉमी ली वॉलेस यांनी त्याचे कल्ले काढले, डोळ्यांची भोके मोठी केली, केस विस्कटले आणि चेहऱ्यावर पांढरा रंग फवारला. निघाले ते एका माणसाच्या चेहऱ्यावरचा सगळा भाव पुसून टाकल्यासारखे काहीतरी. श्रेयनामावलीत मुखवट्याआडच्या पात्राला मायकेल म्हटलेलेच नाही, ‘आकृती’ म्हटले आहे, आणि ती आकृती साकारणारे निक कॅसल हे कार्पेंटर यांचे महाविद्यालयापासूनचे मित्र होते. त्यांची चाल पाहा. ती अगदी सामान्य आहे. घाई नाही, लंगडणे नाही, राक्षसीपणा नाही. एका तरुणाला भिंतीला सुऱ्याने खिळवल्यावर ही आकृती मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती करून त्याच्याकडे पाहत राहते. त्या मान कलवण्याचा अर्थ चित्रपट सांगत नाही, आणि माझ्या मते चित्रपट टिकला आहे तो या न सांगण्यामुळे.

अखेरच्या भागातील एक जागा मुद्दाम नोंदवतो. मैत्रिणींची प्रेते पाहून लॉरी भिंतीला टेकून रडत असते आणि तिच्या शेजारच्या दाराची चौकट काळीकुट्ट असते. त्या काळोखातून मुखवटा हळूहळू उमटू लागतो. कॅमेरा हलत नाही, कोणी झडप घालत नाही. कंडी यांनी मुखवट्यावर एक लहानसा दिवा लावून त्याचा प्रकाश हळूहळू वाढवत नेला आहे, इतकेच. आपलेच डोळे अंधाराला सरावले आणि तो तिथे आधीपासून होता, असा भास होतो. याच हिशेबाने शेवट पाहावा. डॉ. लूमिस त्याला सहा गोळ्या घालतात, तो सज्जावरून खाली कोसळतो, आणि पुन्हा पाहतात तर हिरवळ मोकळी. मग आपण आधी पाहिलेल्याच जागा एकामागून एक येतात, जिना, दिवाणखाना, घरांचे दर्शनी भाग. त्यांत माणूस कुठेच नसतो आणि श्वास मात्र ऐकू येतो. पहिल्या तासात लावलेल्या सवयीची ही वसुली आहे.

समेवर :

वरील विवेचन उत्तम आहे, पण त्यात ध्वनीचा विचार राहिला आणि तो राहू नये. संगीत स्वतः कार्पेंटर यांचे आहे, आणि एका मोठ्या स्टुडिओतील अधिकारी महिलेने संगीत चढवण्यापूर्वीची प्रत पाहिली तेव्हा तिला जराही भीती वाटली नाही, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. याचा अर्थ रिकाम्या चौकटी एकट्याने काम करत नव्हत्या.

मुख्य धून पियानोवरची आहे आणि ती पाच ठोक्यांच्या चक्रात फिरते. कार्पेंटर यांचे वडील संगीताचे प्राध्यापक होते, त्यांनी लहानपणी मुलाला बोंगोवर पाचाची लय शिकवली होती आणि तीच पुढे येथे उपयोगी पडली. पाचाचे चक्र दुप्पट लयीत मोजले की दहा मात्रा होतात. आपल्या कानांना दहा मात्रा नवख्या नाहीत. झपताल आपण लहानपणापासून ऐकतो. पण झपतालात २-३-२-३ अशी तोललेली विभागणी असते, अर्धे चक्र दुसऱ्या अर्ध्याला उत्तर देते, त्यामुळे कान निवांत राहतो. या धुनेत मात्र विभागणी ३-३-२-२ अशी पडते. म्हणजे दोन लांब पावले आणि मग दोन आखूड, आणि हे आवर्तन कुठेही न थांबता चालू राहते. प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस कोणीतरी पावले उचलल्यासारखे वाटते. हातावर टाळी देत ऐकून पाहावे, चार-पाच आवर्तनांत अस्वस्थता कुठून येते ते कळेल.

सरसकट कौतुक मात्र करवत नाही. आकृती दिसताच सिंथेसायझरचा जो एकच कर्कश आघात येतो, तो काही ठिकाणी अनावश्यक आहे. परसातल्या दृश्यात तो नसता तर मला अधिक आवडले असते. जाता जाता सांगण्यासारखी गंमत म्हणजे, श्रेयनामावलीत संगीत ‘बॉलिंग ग्रीन फिलहार्मनिक ऑर्केस्ट्रा’ने वाजवल्याचे म्हटले आहे. असा कोणताही वाद्यवृंद नव्हता. बॉलिंग ग्रीन हे केंटकीतील कार्पेंटर यांचे गाव आणि वाद्यवृंद म्हणजे स्वतः ते व सिंथेसायझर हाताळणारे सहकारी.

आडवाट :

इतकी आरती चालू आहे म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. पहिली गोष्ट, हा प्रकार या चित्रपटाने जन्माला घातला असे मानण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. सुऱ्याचा खून आणि त्यावरचा तीक्ष्ण ध्वनी हिचकॉक यांनी १९६० सालीच ‘सायको’मध्ये वापरला होता, आणि कार्पेंटर यांनी ते ऋण लपवलेलेही नाही, डॉक्टरांचे लूमिस हे नाव त्याच चित्रपटातून घेतलेले आहे आणि जेमी ली कर्टिस या त्यातील नायिका जॅनेट ली यांच्या कन्या आहेत. सणाची रात्र, मुलींचे घर, खुन्याच्या डोळ्यांतून दिसणारी सुरुवात हे सगळे कॅनडातल्या ‘ब्लॅक ख्रिसमस’मध्ये १९७४ सालीच येऊन गेले होते. दुसरे म्हणजे, लूमिसच्या भूमिकेसाठी डॉनल्ड प्लेझन्स यांच्यासारखा कसलेला नट घेऊन त्यांच्या तोंडी सतत ‘तो माणूस नाही, साक्षात पाप आहे’ अशा अर्थाची कीर्तने घालण्यात कोणते लेखनकौशल्य आहे? तिसरे, सहाव्या वर्षापासून कोंडलेला माणूस मोटार चालवायला कुठे शिकला? चित्रपटातील एक पात्रही ही शंका काढते आणि लूमिस ती टोमणा मारून उडवून लावतात. आणि चौथे, जे मला खरोखर खटकते : मित्रांबरोबर रात्र घालवू पाहणाऱ्या मुली मरतात, अभ्यासू आणि संकोची लॉरी वाचते. ‘मुलींनो, सांभाळून राहा’ हा शहाणपणा इतक्या नेटकेपणाने शिकवणारा चित्रपट अभिजात ठरावा, याचे मला नवल वाटते.

तिसरी घंटा :

आडवाट यांचे पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत. लूमिस यांची भाषणे फार होतात, यात शंका नाही. प्लेझन्स ती निभावून नेतात हे त्यांचे श्रेय. मोटारीच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि ते कोणाकडे असेल असे वाटत नाही.

चौथ्या मुद्द्याबाबत मात्र चित्रपट काय दाखवतो ते बारकाईने पाहावे लागेल. लॉरी ही सोवळी मुलगी नाही. संध्याकाळी अ‍ॅनीच्या मोटारीतून जाताना ती गांजाची सिगारेट ओढते, आणि अ‍ॅनीचे वडील, म्हणजे गावचे शेरीफच, समोर दिसल्यावर दोघींची जी धांदल उडते ती चित्रपटातली सर्वांत मोकळी विनोदी जागा आहे. तिला मुलगे आवडत नाहीत असेही नाही, फक्त बोलायचे धाडस होत नाही. या मुलींचे बरेचसे संवाद सहलेखिका आणि निर्मात्या डेब्रा हिल यांनी लिहिले, आणि त्यामुळेच त्यांच्या गप्पांमध्ये बळींच्या यादीतली नावे नसून तीन वेगवेगळ्या मुली ऐकू येतात. कार्पेंटर यांचे स्पष्टीकरण असे की, इतर दोघी आपापल्या मित्रांत गुंतलेल्या असल्याने त्यांचे बाहेर लक्ष नसते, लॉरी एकटी असते म्हणून तिला तो दिसतो. दिग्दर्शकाची सफाई म्हणून हे बाजूला ठेवले, तरी चित्रपटातला पुरावा त्याच्या बाजूने आहे, कारण दुपारभर त्याला पाहिले कोणी, तर लॉरीने. आणि ती वाचते ती सद्गुणांमुळे नव्हे. विणकामाची सुई, कपाटात दडलेली असताना तिथल्याच हँगरची सरळ केलेली तार, आणि शेवटी त्याच्याच हातून पडलेला सुरा, असे हाती लागेल त्याने ती लढते. कॅरल क्लोव्हर या विदुषीने १९८७ साली ‘शेवटी उरणारी मुलगी’ ही कल्पना मांडली, तेव्हा लॉरी हे तिच्यासमोरचे एक ठळक उदाहरण होते. नैतिक धड्याचा साचा पक्का केला तो नंतरच्या नकलांनी. १९८० सालच्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चे कर्ते आपण ‘हॅलोवीन’चे यश पाहून कामाला लागलो असे उघड सांगत आले आहेत, आणि त्यांनी उचलले ते वरवरचे, म्हणजे तरुण मुले, एकांत आणि सुरा, रिकाम्या चौकटी कोणी उचलल्या नाहीत.

पैलतीर :

मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. डेब्रा हिल यांचे मूळ गाव हॅडनफील्ड याच राज्यात आहे आणि चित्रपटातील गावाचे नाव त्यावरूनच घेतलेले आहे. येथील चर्चा चौकटी आणि संगीताभोवती फिरते आहे. मी घरांविषयी सांगतो.

पुण्यात असताना हा चित्रपट पाहिला तेव्हा तो मला केवळ कसबी वाटला होता. आपल्याकडे तळमजल्याच्या खिडकीला गज असतात, दाराला आतून दोन-दोन कड्या, बाहेर सेफ्टी डोअर, आणि जिन्यात चार बिऱ्हाडांचे कान. येथील उपनगरात यांपैकी काहीच नाही. लाकडी घर, पुरुषभर उंचीच्या उघड्या काचा, मागच्या परसात उघडणारे काचेचे सरकते दार, आणि दोन घरांमध्ये कुंपण असलेच तर नावापुरते. रात्री आत दिवा लावला की बाहेरच्याला सगळे दिसते आणि आतल्याला काचेत फक्त स्वतःचे प्रतिबिंब. ‘आमच्याकडे असे काही घडत नाही’ या एकाच भरवशावर ही सगळी रचना उभी आहे, आणि चित्रपटाने बोट ठेवले आहे ते या भरवशावर. म्हणूनच मला सर्वांत भयंकर वाटणारे दृश्य खुनाचे नाही. जखमी लॉरी किंचाळत शेजारच्या घराचे दार ठोठावते, दारातला दिवा लागतो, आतून कोणीतरी पडद्याआडून पाहते, आणि दिवा पुन्हा मालवला जातो. हॅलोवीनच्या रात्री मुलांचे चाळे म्हणून त्या माणसाने दुर्लक्ष केले असेल, असे समजून घेता येते. समजून घेता येते हीच अडचण आहे. हिरवळ राखणारी, पानांचे ढीग रचणारी सभ्य माणसे त्या रस्त्यावर राहतात आणि मुलगी मात्र एकटी पडते.

लॉरी त्या रात्री ज्याला सांभाळत असते त्या लहान टॉमीला दिसलेला बागुलबुवा कोणी खरा मानत नाही, त्याची जातकुळी याच दृश्याशी जुळते. शेवटी लॉरी विचारते, तो बागुलबुवा होता का, आणि लूमिस शांतपणे हो म्हणतात. शिकलेल्या मानसोपचारतज्ज्ञाने पोराच्या भीतीला दुजोरा द्यावा, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठी वाटते.

रात्रपाळी :

सर्वांचे आभार. झपतालाची तुलना वाचून धून लगेच मोजून पाहिली. शेवटच्या दोन आखूड पावलांपाशी खरोखर घाई जाणवते. एक शंका उरते. मायकेल असे का करतो, हे चित्रपट सांगत नाही आणि त्यातच ताकद आहे, असे वर म्हटले आहे. परंतु मी कुठेतरी लॉरी ही त्याची बहीण असल्याचे वाचले होते. माझ्या पाहण्यात ते आले नाही. मी पाहिलेली प्रत अपुरी होती का?

तिसरी घंटा :

आपली प्रत पुरी होती. बहिणीचे नाते १९८१ सालच्या दुसऱ्या भागात आले. तो भाग कार्पेंटर आणि हिल यांनीच लिहिला होता आणि पुढे कार्पेंटर यांनी त्या कल्पनेविषयी नाराजीही व्यक्त केली. त्याच सुमारास मूळ चित्रपट अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवायचा होता आणि वेळ भरून काढण्यासाठी काही दृश्ये नव्याने चित्रित करून त्यात घातली गेली. त्यांपैकी एकात रुग्णालयातल्या खोलीच्या दारावर ‘बहीण’ असा शब्द खरवडलेला दिसतो. पंधरा वर्षे ज्याने तोंडातून अवाक्षर काढले नाही, त्याला तीन वर्षांनी मागाहून कारण चिकटवले गेले, असा हा प्रकार आहे. रॉब झॉम्बी यांनी २००७ साली नव्याने केलेल्या आवृत्तीत तर त्याचे विस्कटलेले बालपण सविस्तर दाखवले आहे. त्यात मेहनत आहे, पण कारण कळले की मायकेल एक दुर्दैवी रुग्ण उरतो आणि दुपारच्या उजेडात उभी असलेली ती आकृती नाहीशी होते. २०१८ सालच्या चित्रपटाने बहिणीचे नाते पुन्हा काढून टाकले, ते उगाच नव्हे.

घरच्या तरुण मंडळींना पुन्हा दाखवणार असाल, तर दूरचित्रवाणीची आवृत्ती आणि चौकोनी पडद्यासाठी कापलेली जुनी कॅसेटवरची प्रत, दोन्ही टाळा. चौकोनी प्रतीत चित्राच्या कडा छाटल्या जातात, आणि या चित्रपटात जे काही आहे ते बहुतांशी कडेलाच उभे असते.